मजकूर एक, रूपे अनेक

श्रावण-भाद्रपदात गंगेचे पाणी चढू लागले म्हणजे वाराणसीचे घाट एकामागून एक दिसेनासे होतात. येथील नदीसाठी इशाऱ्याची पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर अशी ठरलेली आहे. ९ सप्टेंबर १९७८ रोजी पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेले होते आणि येथील सर्वोच्च पातळी म्हणून आजही तोच आकडा सांगितला जातो. परंतु पाणी इतके चढण्याच्या कितीतरी आधीच नदीकाठचा नित्याचा व्यवहार पालटू लागतो. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची वाट तुटते, नावा चालविण्यास बंदी होते. दशाश्वमेध घाटावरील संध्याकाळची आरती पायऱ्या-पायऱ्यांनी मागे सरकत अखेर जवळच्या इमारतीच्या गच्चीवर जाते. मणिकर्णिकेवर अंत्यसंस्कार वरच्या गच्चीवर करावे लागतात, तर हरिश्चंद्र घाटावर ते लगतच्या गल्लीत होतात.

अशा दिवसांत सोलापूरहून एक कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला निघाले आहे, असे समजू. गाडी इटारसीच्या पुढे गेल्यावर घरातील थोरली मुलगी हातातील फोनवर घाटांची माहिती देणारे एक संकेतस्थळ उघडते. ‘घाटांचा परिचय’ या पानावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत नाव मिळते, असे लिहिलेले आहे. ‘ताज्या वार्ता’ या पानावर चार दिवसांपूर्वीच नावांना बंदी झाल्याचे वृत्त आहे. यात्रेकरूंसाठी केलेल्या माहितीपत्रकात तिसराच मजकूर आहे. आता मुलीने विश्वास कशावर ठेवावा? संकेतस्थळ सांभाळणाऱ्या लेखनिकाने आपले काम केलेच नाही, असेही नाही. त्याने एका ठिकाणी दुरुस्ती केली. उरलेल्या दोन ठिकाणी करावयाची राहून गेली. एकच माहिती जेथे तीन जागी लिहून ठेवलेली असते, तेथे तिच्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या होणे हे केवळ काळाचे काम असते.

या अडचणीचे मूळ लेखनिकाच्या विसराळूपणात शोधण्यापेक्षा संकेतस्थळाच्या रचनेत शोधणे अधिक योग्य ठरते. माहिती पानावर राहते की पानाबाहेर कोठे तरी राहते आणि पान तिला केवळ दाखविते, हा तो प्रश्न होय. ‘हेडलेस’ म्हणजे शीर्षविरहित आशय-व्यवस्थापन प्रणाली हे त्या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत मिळालेले एक उत्तर आहे.

खिळे आणि कागद

काशीला मुद्रणाचा अनुभव जुना आहे आणि या प्रश्नाचे एक रूप तेथील छापखान्यांनाही ठाऊक होते. ५ सप्टेंबर १९२० रोजी या शहरात ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू झाले. त्याचे नामवंत संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे १८८३ मध्ये काशीतच एका मराठी कुटुंबात जन्मले होते. हिंदी पत्रसृष्टीच्या परिभाषेला वळण लावणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे मानले जाते. त्यांच्या काळातील छापखान्यात हस्तलिखिताचा कागद जुळाऱ्यापुढे येई. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी, ओळींचा स्तंभ होई, स्तंभांचे पान होई. अंक छापून झाला की पान मोडून खिळे पुन्हा आपापल्या घरांत टाकले जात. त्यानंतर मजकूर उरे तो छापील कागदावर, आणि तेथे शब्द व त्यांचे रूप एकमेकांपासून वेगळे करता येत नसत. तोच लेख पुढे पुस्तिकेच्या आकारात काढावयाचा झाल्यास सगळी जुळणी पहिल्यापासून करावी लागे आणि तिच्याबरोबर मुद्रितशोधनही.

मजकूर यंत्राला बांधलेला नसतो, याचा प्रत्यय मात्र याच शहराला एकदा आला. १९३० मध्ये सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध वटहुकूम काढला आणि ‘आज’चे प्रकाशन काही काळ थांबले. त्या काळात सायक्लोस्टाइलवर काढलेले ‘रणभेरी’ हे पत्र गुप्तपणे वाटले जाऊ लागले. पराडकरांचे नाव त्याच्याशीही निगडित आहे. मोठे यंत्र बंद पडले तरी सांगावयाची गोष्ट शिल्लक होती. तिने दुसरे, लहानसे साधन धरले. संगणकाच्या क्षेत्रातील ज्या कल्पनेचा विचार येथे करावयाचा आहे, तिच्यात हीच गोष्ट संकट नसतानाही नित्य घडावी, अशी योजना असते.

पानापासून कोठारापर्यंत

१९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगासाठी खुली झाली. आरंभीचे वेबपान म्हणजे एक साधी फाइल असे. कोणता शब्द शीर्षकाचा, कोणता परिच्छेदाचा, कोठे दुवा, अशा खुणा मजकुराच्या मधे मधे घातलेल्या असत आणि पुढे रंग व अक्षरांचे आकारही त्याच फाइलीत शिरले. पन्नास पानांच्या संकेतस्थळावर तळाचा पत्ता बदलावयाचा म्हणजे पन्नास फाइली उघडणे आले. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या शैलीपत्रकाच्या प्रमाणाने रंगरूप वेगळ्या फाइलीत ठेवण्याची सोय केली. मजकूर मात्र पानातच राहिला.

त्यानंतर आशय-व्यवस्थापन प्रणाली आल्या. २००१ मध्ये द्रुपल, २००३ मध्ये वर्डप्रेस आणि २००५ मध्ये जूमला ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. या प्रणालींनी मजकूर विदागारात म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवला आणि पानाचा साचा वेगळा केला. संगणकाची भाषा न जाणणारा मनुष्यही पत्र लिहावे तसा लेख लिहून बटन दाबू लागला. वेबवरील लेखन सर्वसामान्यांच्या हाती आले, याचे श्रेय या प्रणालींना द्यावयास हवे. आज त्यांची उणीव दाखविताना हे विसरून चालणार नाही.

उणीव अशी की, या प्रणालीत कोठार आणि दुकानाचा दर्शनी भाग एकाच इमारतीत असतो. कोठारातील माल त्या एका दुकानाच्या फळ्यांच्या मापाने कापून ठेवलेला असतो. लेखकाने लिहिलेला मजकूर साठविला जातो खरा, पण त्यात ठळक अक्षरे, चित्राची डावी-उजवी बाजू, मधला रंगीत चौकोन यांच्या खुणा मिसळलेल्या असतात आणि त्या सर्व एका विशिष्ट पडद्यासाठी असतात. संकेतस्थळ एवढे एकच दालन होते तोपर्यंत यात काही बिघडत नव्हते. पुढे फोन आले, फोनवरील ॲप आली, स्थानकांवरील विद्युत्फलक आले, बोलून उत्तर देणारी यंत्रे आली. अमेरिकेतील नॅशनल पब्लिक रेडिओ या संस्थेने या अडचणीचा विचार लवकर केला. ‘एकदा तयार करा, सर्वत्र प्रकाशित करा’ हे तिचे सूत्र २००९ मध्ये डॅनियल जेकबसन यांच्या लेखनातून बाहेरच्यांना कळले.

याच दिशेने पुढे जाऊन काही प्रणालींनी दर्शनी भाग मुळातून काढूनच टाकला. संगणकाच्या बोलीत त्या भागाला ‘हेड’ म्हणतात. तो नाही म्हणून प्रणाली ‘हेडलेस’. शब्द ऐकून वाचकाला केतूची आठवण झाल्यास नवल नाही. फरक इतकाच की, या धडाला हवी तितकी मस्तके लावता येतात. कंटेंटफुल, सॅनिटी, स्ट्रॅपी ही अशा प्रणालींची काही नावे. यांपैकी कंटेंटफुल ही सेवा त्या कंपनीच्या संगणकांवर चालते आणि तिचा वापर वर्गणीने होतो. स्ट्रॅपी मात्र आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते.

तिचे कार्य समजण्यास कठीण नाही. संपादक एका साध्या अर्जासारख्या पडद्यावर रकाने भरतो. भरलेली माहिती कोठारात जाते. बाहेरून कोणीही, म्हणजे संकेतस्थळ, ॲप किंवा फलक, ठरावीक पद्धतीने मागणी करतो. अशी मागणी करण्याच्या ठरीव रीतीला एपीआय म्हणतात. उत्तर येते ते नुसत्या नावांचे आणि मूल्यांचे: घाट, दशाश्वमेध, नावा, बंद, आरतीचे स्थान, गच्ची, नोंद केल्याची वेळ, अमुक. त्यात रंग नाही, अक्षराचा आकार नाही, ओळ कोठे मोडावी हेही नाही. बहुधा जेसन नावाच्या सुटसुटीत लेखनपद्धतीत हे उत्तर येते. पुढे त्याचे पान करावयाचे, फलकावरील दोन शब्द करावयाचे की ध्वनिक्षेपकावरील वाक्य, हे ज्याचे त्याने ठरवावे.

घाटाची नोंद

येथपर्यंतचा भाग यंत्राचा झाला. खरे कठीण काम यानंतर सुरू होते आणि ते संगणकाच्या तज्ज्ञापेक्षा विषयाच्या जाणकारावर अधिक अवलंबून असते. कोठारात माहिती कोणत्या रकान्यांत ठेवावयाची, हे आधी ठरवावे लागते. याला आशयाची रचना म्हणतात. रकाने चुकले तर प्रणाली कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही.

वाराणसीत घाट चौऱ्याऐंशी, असे सांगण्याची रूढी आहे. एखाद्या संस्थेने त्यांचे संकेतस्थळ करावयास घेतले आणि प्रत्येक घाटासाठी नाव, बांधणारा, वर्ष, वर्णन, चित्र असे पाच रकाने ठेवले, असे मानू. पहिल्या दिवशी ही रचना पुरेशी वाटते. दुसऱ्या दिवशी नावापाशीच काम अडते. मराठी मनुष्य ज्याला शिंदे घाट म्हणतो त्याला हिंदीत सिंधिया घाट म्हणतात. शहराचेच पाहा: २४ मे १९५६ पासून वाराणसी हे त्याचे अधिकृत नाव आहे; नावाडी बनारस म्हणतात आणि सोलापूरचे कुटुंब काशीला निघालेले असते. तेव्हा नाव हा एक रकाना न राहता मुख्य नाव, अन्य नावे आणि त्या त्या भाषेतील रूपे असा लहानसा समूह होतो. शोध घेणाऱ्याला यांपैकी कोणत्याही नावाने तीच नोंद सापडली पाहिजे.

‘बांधणारा’ हा रकाना तर त्याहून फसवा आहे. मान मंदिर घाटावरील वाडा अंबरचा राजा मानसिंह याने इसवी सन १६०० च्या सुमारास बांधला. त्याच्या गच्चीवरील वेधशाळा सवाई जयसिंहाची, अठराव्या शतकातील. या घाटाचा ‘बांधणारा’ कोण? मुनशी घाटाला नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांचे नाव मिळाले. त्याचाच एक भाग विसाव्या शतकाच्या आरंभी दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. एका चौकटीत एक नाव लिहिण्याची सक्ती केली की यांपैकी कोणावर तरी अन्याय होणारच. म्हणून बांधकाम ही स्वतंत्र जातीची नोंद करावी लागते. तिच्यात व्यक्ती, काळ आणि कामाचे स्वरूप असावे आणि एका घाटाला अशा कितीही नोंदी जोडता याव्यात.

व्यक्तींच्या नोंदीही वेगळ्या ठेवल्या की एक अनपेक्षित लाभ होतो. अहिल्याबाई होळकरांची नोंद एकदाच केली जाते. अहिल्याबाई घाट, मणिकर्णिकेवरील काम, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वनाथ मंदिराची त्यांनी केलेली पुनर्बांधणी, हे सर्व त्या एका नोंदीला जोडले जाते. तशीच नोंद शिंदे घाटाशी निगडित असलेल्या बायजाबाई शिंद्यांची, तशीच नागपूरच्या भोसल्यांची. पुढे ‘मराठी राज्यकर्त्यांनी बांधलेले घाट’ असे पान कोणी मागितले तर ते लिहिण्यासाठी कोणाला बसावे लागत नाही. जोडण्या आधीच झालेल्या असल्यामुळे कोठार ती यादी आपण होऊन देते आणि उद्या एखाद्या घाटाची नवी नोंद झाली तर यादीत ती आपोआप येते.

काळाच्या रकान्याविषयी मात्र अधिक सावध राहावयास हवे. संगणकतज्ज्ञाला वर्ष म्हणजे अंक वाटतो आणि तो अंकाचाच रकाना करतो, कारण अंकांचा क्रम लावणे सोपे असते. पण बऱ्याच घाटांचे बांधकाम ‘सुमारे’, ‘पूर्वी’, ‘परंपरेनुसार’ अशाच शब्दांत सांगता येते. रकाना रिकामा ठेवता येत नसेल आणि त्यात अंकच चालत असेल, तर काम संपविण्याच्या घाईत असलेला मनुष्य कोणता तरी अंक लिहून मोकळा होईल. तो अंक मग संकेतस्थळावर, ॲपवर, फलकावर आणि पुढे इतरांच्या पुस्तकांतही जाईल. जी प्रणाली एकच खरी माहिती दहा ठिकाणी पोचविते ती एकच चुकीची माहितीही तितक्याच तत्परतेने पोचविते. दशाश्वमेध हे नाव ब्रह्मदेवाने केलेल्या दहा अश्वमेधांवरून पडले, ही श्रद्धेची कथा आहे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या काळात घाटाचे पक्के बांधकाम झाले, ही इतिहासाची बाजू आहे. दोन्ही वाचकाला हव्या असतात. त्या दोन वेगळ्या रकान्यांत ठेवल्या तरच कोणती कोणत्या जातीची आहे, हे त्याला कळते. रकान्यांची आखणी हे लेखनिकाचे काम नसून संपादकीय निर्णय असतो, तो यासाठी.

आता पुराकडे परत येता येईल. नावा चालू आहेत की बंद आणि आरती कोठे होते, हे दोन्ही घाटाच्या वर्णनात लिहावयाचेच नाही. वर्णन वर्षानुवर्षे टिकणारे असते आणि ही माहिती दिवसाची, कधी तासाची असते. तिच्यासाठी ‘सद्यःस्थिती’ अशी वेगळी नोंद करावी. तिच्यात घाटाचा दुवा, नावांची स्थिती, आरतीचे स्थान, केव्हापासून, केव्हापर्यंत आणि नोंद कोणी केली, इतके असावे. संपादकाने ही एक नोंद बदलली की परिचयाचे पान, वार्तांचे पान आणि फलक तिघेही तिच्याकडेच पाहात असल्यामुळे तिघांचे म्हणणे एकच राहते. माहितीपत्रकाची प्रत मात्र एकदा उतरवून घेतली की ती गोठते. म्हणून तिच्यात सद्यःस्थिती न छापता ती कोठे पाहावी एवढेच छापणे बरे.

संपादकाची तक्रार

या प्रणालीविषयी संपादकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खोटी नाही. वर्डप्रेससारख्या प्रणालीत लिहिताना पान कसे दिसेल याचा अंदाज डोळ्यांपुढे असतो. येथे पुढ्यात केवळ रकाने. लेखन करण्याऐवजी कचेरीत अर्ज भरल्यासारखे वाटते. मस्तक वेगळे आणि धड वेगळे असल्यामुळे ‘पूर्वदर्शन’ ही सोयही पुष्कळदा बाहेरच्या संकेतस्थळाशी मुद्दाम जोडून घ्यावी लागते. काम देताना हे करारात लिहून घेतले नाही तर ते राहून जाते आणि संपादक आंधळ्यासारखा लिहीत बसतो. पूर्वदर्शन एका पानाचे पाहून भागत नाही, हीही एक गोष्ट. संकेतस्थळावर शोभणारे लांबलचक शीर्षक फलकावर अर्ध्यात तुटते. तेव्हा लहान शीर्षकाचा आणखी एक रकाना ठेवून त्याला अक्षरांची मर्यादा घालावी लागते.

दुसरा मोह रंगाचा. पूर आला की संपादकाला ‘धोका’ हा शब्द लाल करावासा वाटतो. कित्येक प्रणालींत तो करताही येतो, पण करू नये. लालपणा हा एका पडद्याचा गुण आहे. ध्वनिक्षेपकावर तो ऐकू येत नाही आणि पडद्यावरील मजकूर यंत्राकडून वाचून घेणाऱ्या अंध व्यक्तीला तो कळत नाही. संपादकाला खरोखर सांगावयाचे असते ते प्रसंगाचे गांभीर्य. म्हणून ‘तीव्रता’ असा रकाना करावा आणि त्यात साधारण, इशारा, धोका यांपैकी एक निवडावयास लावावे. पुढे संकेतस्थळ त्याचा लाल पट्टा करील, ध्वनिक्षेपक ते वाक्य दोनदा उच्चारील, फलक उघडमीट करील.

वेगाचाही विचार करावा लागतो. पुष्कळ संकेतस्थळे कोठाराला दर वेळी न विचारता पाने आधीच तयार करून ठेवतात. संपादकाने ‘प्रकाशित करा’ म्हटले की कोठार एक संदेश पाठविते आणि पाने नव्याने बांधली जातात. अशी पाने हलकी असतात. देव दीपावलीच्या रात्री घाटांवर लोटलेली गर्दी एकाच वेळी फोन उघडते तेव्हा ती तग धरतात. पण बांधणीला काही सेकंद, कधी काही मिनिटे लागतात. शिवाय वाटेत ठिकठिकाणी जुनी प्रत साठवून ठेवलेली असते. मान मंदिराचा इतिहास पाच मिनिटे उशिरा पोचला तर काही बिघडत नाही. नावाबंदीची बातमी उशिरा पोचून चालणार नाही. त्यामुळे वर्णन आधी बांधलेले आणि सद्यःस्थिती मात्र त्या क्षणी कोठाराला विचारून घेतलेली, अशी मिश्र व्यवस्था करणे श्रेयस्कर ठरते.

अक्षरांचा अनुभव

आशय आणि रूप यांची गाठ किती महाग पडते, हे भारतीय भाषांच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. संगणकावर देवनागरी आली तेव्हा अनेक फॉन्टकारांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले. उत्तर प्रदेशात फार चाललेल्या कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘भारत’ लिहावयाचे असल्यास मोठा एच, के, के, जे, आर ही अक्षरे ओळीने दाबावी लागत. पडद्यावर ‘भारत’ दिसे, पण संगणकाच्या स्मरणात राहत ती पाच इंग्रजी अक्षरेच. फॉन्ट काढून घेतला की अर्थ गेला. मराठी छापखान्यांत आणि वृत्तपत्रांतही निरनिराळे फॉन्ट होते आणि एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता चिन्हांचा गोंधळ उमटे. शब्द शोधता येत नसे आणि अकारविल्हे लावता येत नसे. येथे रूप हेच आशयाचे एकमेव निवासस्थान होते.

वस्तुतः अक्षराला त्याच्या आकारापासून वेगळी ओळख देणारे आयएससीआयआय हे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. सर्वत्र वापर रूढ व्हावयास मात्र पुढे पुष्कळ वर्षे लागली. आजही जुना मजकूर नव्या कोठारात भरावयाचा झाल्यास त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. रूपांतर करणारी साधने रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांपाशी चुकतात. म्हणून प्रत्येक ओळ माणसाने वाचून पाहणे अटळ असते. घाटांविषयीच्या एखाद्या जुन्या हिंदी पुस्तिकेचा मजकूर कृतिदेवमध्ये असेल, तर नव्या संकेतस्थळाच्या खर्चात सर्वांत मोठी रक्कम याच वाचनाची निघण्याचा संभव आहे. अंदाजपत्रकात ती क्वचितच धरलेली असते.

प्रत्येकाला अशा प्रणालीची गरज आहे, असे मात्र नाही. एखादी शाळा, धर्मशाळा किंवा एकट्याने लिहिणारा लेखक यांना एकच संकेतस्थळ हवे असते आणि ते सांभाळणारा मनुष्यही एकच असतो. त्यांनी मस्तक वेगळे करून दोन बांधकामांचा खर्च ओढवून घेण्यात शहाणपण नाही. डिसेंबर २०१६ मधील ४.७ या आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या गाभ्यातही मजकूर बाहेर देणारे एपीआय आलेले आहे. तेव्हा साध्या प्रणालीने आरंभ करून गरज पडेल तेव्हा दुसरे दालन जोडता येते. वर्गणीच्या सेवेबाबत तर आधीच विचारून घ्यावे की, करार संपल्यास सर्व नोंदी, त्यांच्या परस्पर जोडण्या आणि चित्रे यांसह आपला माल कोणत्या रूपात परत मिळेल. नुसता मजकूर मिळून जोडण्या न मिळाल्या तर चौऱ्याऐंशी घाट पुन्हा सुटे होतात.

पाणी उतरू लागले म्हणजे पायऱ्यांवर गाळाचे जाड थर दिसू लागतात आणि पंपाच्या धारेने ते धुवून काढण्याचे काम दिवसचे दिवस चालते. संकेतस्थळाच्या संपादकापुढे तेव्हा पातळीचा आकडा इशाऱ्याच्या खाली आलेला असतो आणि ‘नावा’ या रकान्यात मात्र अजून ‘बंद’ असते. हे दोन रकाने एकमेकांना जोडून टाकावेत, म्हणजे पाणी उतरताच ‘बंद’चे ‘चालू’ आपोआप होईल, अशी सूचना एखादा उत्साही तज्ज्ञ करील. ती मान्य करता येत नाही. नावा पाण्याच्या पातळीने सुरू होत नसून प्रशासनाच्या परवानगीने सुरू होतात. पात्रात प्रवाह जोराचा असेल तर ती परवानगी आणखी काही दिवस येत नाही. तोवर संपादकाने पातळीचा आकडा बदलत राहावे आणि दुसऱ्या रकान्याला हात लावू नये. परवानगीचा कागद आला की ‘केव्हापर्यंत’ या जागी तारीख व वेळ भरावी. जुनी नोंद पुसावयाची नाही. पुढच्या वर्षी भाद्रपदात कोणी विचारले तर यंदा नावा किती दिवस बंद होत्या, ते तिच्यावरूनच सांगता येईल.